तानिगुची पितापुत्र

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरचा ओलावा उचलून डोंगरांवर हिमाचे थर चढवतात, तिथे कानाझावा नावाचे एक जुने दरबारी नगर आहे. 1583 मध्ये माएदा तोशिइए या सरदाराने तिथे आपले ठाणे केले, आणि पुढे तोकुगावांच्या अमलात माएदा घराण्याच्या कागा जहागिरीची जमाबंदी दहा लाख कोकू तांदळावर गेली. एक कोकू म्हणजे एका माणसाचा साधारण वर्षभराचा शिधा, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दौलतीचा अंदाज येतो. एवढ्या मातब्बर मांडलिकाकडे शोगूनच्या दरबारातून संशयाने पाहिले जाणे क्रमप्राप्तच होते. तो संशय निवळावा म्हणून म्हणा, की घराण्याच्या अंगच्या रसिकतेमुळे म्हणा, माएदांनी आपला खजिना तोफा आणि तटबंदी यांपेक्षा लाखकाम, सोन्याचा वर्ख, नो नाट्य, चहाचा विधी आणि चिनी मातीची पात्रे यांवर रिता केला. किल्ल्यातला शस्त्रे दुरुस्त करण्याचा कारखाना हळूहळू कलाकुसरीचा कारखाना झाला. शिवशाहीतल्या अठरा कारखान्यांच्या पंक्तीत तो सहज बसला असता.

या मुलखातल्या कुतानी नावाच्या चित्रित पात्रांची भट्टी चालवणाऱ्या एका घरात 1904 मध्ये योशिरो तानिगुची यांचा जन्म झाला. तांबडा, हिरवा, पिवळा, जांभळा आणि गडद निळा असे पाच रंग झिलईवर चढवून पुन्हा भाजायचे, हे कुतानीचे तंत्र. आणि वडील मुलगा म्हणून भट्टीचा वारसा योशिरोंकडेच यायचा होता. जपानमधल्या कसबी घराण्यांत मुलाने नुसता धंदाच नव्हे, कित्येकदा बापाचे नावही जसेच्या तसे धारण करून पुढे चालवण्याची रीत आहे, आणि पाचवा, नववा, चौदावा असे अंक नावामागे लावून घेणारे कुंभार आणि नट तिथे आजही आहेत. योशिरोंनी ही परंपरा मोडली. 1 सप्टेंबर 1923 रोजी कांतोच्या महाभूकंपात तोक्यो आणि योकोहामा ही शहरे जमीनदोस्त होऊन जळाली, तेव्हा ते कानाझावाच्या चौथ्या उच्च विद्यालयात शिकत होते. भस्मसात झालेली राजधानी पुन्हा उभी करायची आहे हा विचार त्या पिढीच्या मनात जो रुजला, त्याने त्यांना तोक्योच्या शाही विद्यापीठाच्या वास्तुशाखेत नेले. 1928 मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी तोक्योच्या तंत्रविद्यालयात शिकवू लागले.

आरंभी ते कडवे नवमतवादी होते. 1932 मध्ये त्यांनी आपल्याच विद्यालयासाठी बांधलेली जलशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे पांढऱ्या, निरलंकृत, काटकोनी काँक्रीटची इमारत. जर्मनीत त्या सुमारास जे घडत होते त्याची जाण तिच्या भिंतीभिंतीत दिसते. त्यांचे शास्त्रीय संशोधनही इमारतींवर पडणाऱ्या वाऱ्याच्या दाबाविषयी होते. असा मनुष्य पुढे कवींच्या स्मारकशिळा घडवील आणि जुन्या इमारतींसाठी एक अख्खे गाव वसवील, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते त्यांना स्वतःलाही खरे वाटले नसते.

हे परिवर्तन बर्लिनमध्ये घडले. 1938 च्या नोव्हेंबरात, ज्या दिवसांत जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली त्याच सुमारास, नव्या जपानी वकिलातीच्या कामानिमित्त ते त्या शहरात पोचले. ज्या आधुनिक वास्तुकलेचे ते चाहते होते तिला तिच्या मायदेशातून तोवर हद्दपारी मिळाली होती. मग हिवाळ्याच्या अंधूक उजेडात हा तिशी ओलांडलेला प्राध्यापक शंभर वर्षांपूर्वीच्या कार्ल फ्रीडरिख शिंकेल या वास्तुकाराच्या इमारती पाहत हिंडू लागला. शिंकेलची पहाऱ्याची जुनी चौकी पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक बनवण्यात आली होती, आणि तिच्या छताच्या मध्यभागी आभाळाकडे उघडणारे एक वर्तुळ ठेवून बाकी सारे रिकामे सोडले होते. नुसत्या प्रमाणबद्धतेने आणि प्रकाशाने शोक व्यक्त करता येतो, आणि वास्तू जुनी झाली म्हणून मुकी होत नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला. युद्ध पेटताच ते परतले. त्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने आली, आणि गद्यलेखक म्हणूनही जपानी वाचकांनी त्यांना मानले.

युद्धानंतर तो धडा प्रथम कामी आला तो एका डोंगरी खेड्यात. किसोच्या जुन्या राजमार्गावरचे मागोमे हे टप्प्याचे गाव म्हणजे कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांचे जन्मस्थान. त्यांच्या पूर्वजांचा, सरदार-दरकदारांना उतरण्यासाठी असलेला वाडा 1895 च्या आगीत जळून गेला होता. मेइजी क्रांतीच्या धामधुमीत आशाभंग होऊन वेडाच्या स्वाधीन झालेल्या स्वतःच्या वडिलांची कथा तोसोननी आपल्या मोठ्या कादंबरीत सांगितली, आणि 1943 मध्ये ते वारले. लेखकाचे स्मारक व्हावे असे गावकऱ्यांनी ठरवले तेव्हा देश पराभूत आणि भुकेला होता. सिमेंट नव्हते, पोलाद नव्हते, पैसा तर नव्हताच. योशिरोंनी जळक्या वाड्याचे जोते आणि पायाचे दगड जसेच्या तसे मोकळे राहू दिले आणि त्यांच्या कडेने, एखाद्या ओसरीसारखी, लांबच लांब अरुंद लाकडी इमारत आखली. ती शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी 1947 मध्ये बांधली. जो वाडा नाही त्याचीच जागा मध्यभागी ठेवायची आणि नव्या बांधकामाने अदबीने बाजूला उभे राहायचे, ही कल्पना आज जगभरच्या स्मारकांत इतकी रुळली आहे की तिची पहिली धिटाई आपल्या लक्षात येत नाही. 1949 मध्ये जपानच्या वास्तुसंस्थेने पहिलेच पारितोषिक योशिरोंना दिले ते या कामासाठी आणि केइओ विद्यापीठातील त्यांच्या इमारतींसाठी.

केइओच्या त्या आवारातच पितापुत्रांची आणखी एक जोडी या कथेत येते. युद्धात जळालेल्या तिथल्या सभागृहाच्या जागी 1951 मध्ये योशिरोंनी नवी इमारत उभारली आणि तिच्यातला दिवाणखाना व बाग शिल्पकार इसामू नोगुची यांच्याकडे सोपवली. इसामूंचे वडील कवी योने नोगुची यांनी त्याच विद्यापीठात कित्येक वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले होते. मराठी वाचकाला हे योने अगदीच अपरिचित असणार नाहीत, कारण चीनवरील जपानी आक्रमणाचे समर्थन करणारे पत्र त्यांनी 1938 मध्ये रवींद्रनाथांना लिहिले आणि रवींद्रनाथांनी त्यांना खडसावून उत्तर दिले, हा पत्रव्यवहार आपल्या देशात पुष्कळ गाजला होता. अमेरिकन आईच्या पोटी जन्मलेल्या इसामूंना या वडिलांनी बालपणी जवळजवळ टाकूनच दिले होते. आणि तरी मृत पित्याच्या स्मरणार्थ एक दालन घडवण्याची संधी मिळताच त्यांनी ती घेतली. योशिरो आणि इसामू दोघेही 1904 सालचे. एकाने बापाची भट्टी सोडली होती, दुसऱ्याला बापाने सोडले होते, आणि दोघे मिळून एका बापाचे स्मारक करत होते.

योशिरोंची पुढची वीस वर्षे फार भरघोस गेली. युवराजांचा प्रासाद, ओकुरा हॉटेलचे दालन, इम्पीरियल थिएटर, उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातील आशियाई कलेचे भवन, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अशी कामे 1960 ते 1969 या एका दशकात त्यांच्या दप्तरातून बाहेर पडली. यांतल्या काही इमारती दिमाखदार असूनही कोरड्या आहेत, असे माझे मत आहे. उंच, कृश, समांतर स्तंभांची त्यांची आवड सरकारी कामांत कधी कधी नुसती सवय वाटते. उएनोच्या आशियाई भवनात गांधारच्या आणि भारतातल्या मूर्ती मांडल्या आहेत, पण त्यांच्यावरचे काँक्रीटचे खोल पागोळे त्या मूर्तींपेक्षा स्वतःच्या भारदस्तपणातच अधिक गुंतलेले दिसते.

परंतु 1959 मध्ये तोक्योच्या चिदोरिगाफुची येथे, परमुलखांत मेलेल्या अनामिक जपानी सैनिकांच्या व नागरिकांच्या अस्थींसाठी त्यांनी केलेले स्थान पाहिले म्हणजे ही तक्रार गळून पडते. झाडीत एक षट्कोनी, भिंती नसलेला मंडप आहे आणि त्याच्या मध्यभागी, युद्धभूमींवरून आणलेले दगड मिसळून भाजलेली एक प्रचंड मृण्मय पेटी ठेवली आहे. पोलाद आणि काँक्रीटची विद्या शिकलेल्या वास्तुकाराला राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या शोकासाठी अखेर भट्टीचेच माध्यम सापडले. सोडून दिलेला वारसा माणसाला असा गाठतो.

जतनाच्या कामातही ते याच सुमारास पडले. मेइजी काळातील उमरावांचा जगप्रसिद्ध नृत्यमहाल रोकुमेइकान 1940 च्या सुमारास पाडला गेला, तेव्हा त्यांनी त्याबद्दल वृत्तपत्रात खेद व्यक्त केला होता. तो त्यांच्या मनातून गेला नाही. चौथ्या उच्च विद्यालयातील त्यांचे एक सहाध्यायी, त्सुचिकावा मोतोओ, पुढे नागोया रेल्वे कंपनीचे धुरीण झाले. आणि एकाचा ध्यास व दुसऱ्याचे भांडवल यांच्या संयोगातून 1965 मध्ये इनुयामा येथे एका तलावाच्या काठी मेइजीमुरा हे गाव वसले. पाडण्यासाठी ठरलेल्या शाळा, गिरिजाघरे, तुरुंग, डाकघरे सुटी करून तिथे आणायची आणि पुन्हा जोडायची, असा हा उद्योग. आरंभी पंधरा इमारती होत्या, आज साठांहून अधिक आहेत. फ्रँक लॉइड राइट यांचे इम्पीरियल हॉटेल, जे नेमके 1923 च्या भूकंपाच्या दिवशी समारंभपूर्वक उघडायचे होते आणि त्या धक्क्यातही टिकले होते, ते 1968 मध्ये पाडले गेले तेव्हा त्याच्या प्रवेशदालनाला याच गावात आश्रय मिळाला, आणि त्याची पुनर्बांधणी पुरी होण्यास 1985 साल उजाडले.

आता पुत्राकडे वळू. योशिओ 1937 मध्ये तोक्योत जन्मले, आणि वडिलांची कीर्ती ऐन भरात असताना त्यांनी केइओमध्ये विषय निवडला तो यंत्रअभियांत्रिकी. वडिलांनी भट्टी सोडली तशी मुलाने वास्तुकला सोडली, एवढाच अर्थ प्रथमदर्शनी दिसतो. पदवीनंतर मात्र ते हार्वर्डला जाऊन वास्तुकलाच शिकून आले. 1964 मध्ये तिथली पदवी घेतल्यावर थोडे दिवस वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे आणि नंतर 1972 पर्यंत तांगे केंझो यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. तांगे म्हणजे त्या काळच्या जपानी वास्तुकलेचा सार्वभौम पुरुष, आणि त्यांचा भव्य, आकाशाला हात घालणारा बाणा योशिरोंच्या संयत स्वभावाच्या अगदी उलट. म्हणजे मुलाने वडिलांचा पेशा घेतला, पण तालीम दुसऱ्या आखाड्यात केली.

पितापुत्रांनी हातमिळवणी केली ती एकदाच. कानाझावाचे तामागावा ग्रंथालय हे त्यांचे एकमेव संयुक्त काम. रेखन मुलाचे आणि देखरेख वडिलांची. तिथे पूर्वी तंबाखूचा कारखाना होता. त्याचा विटांचा एक भाग राखून ठेवून शेजारी पोलाद, काच आणि विटा यांची नवी इमारत, मध्ये अंगण, अशी ती रचना आहे. जुन्याला जागा देण्याचा वडिलांचा आग्रह आणि धातूच्या सांध्यांतली यंत्रज्ञाची नजर ही त्यात वेगवेगळी ओळखू येतात. एकजीव झालेली दिसत नाहीत. 1979 मध्ये योशिरो वारले.

आणि नंतरच योशिओ खरे योशिओ झाले. 1983 मध्ये साकाता येथे छायाचित्रकार दोमोन केन यांच्या नावाचे संग्रहालय त्यांनी एका तळ्याच्या काठी उभारले, आणि त्याच्या अंगणात शिल्प ठेवण्यासाठी बोलावले ते वडिलांच्या सहकाऱ्याला, इसामू नोगुची यांना. पुढे तोक्यो उपसागराकाठचे मत्स्यालय, मारुगामे येथील चित्रकार इनोकुमा गेनइचिरो यांचे संग्रहालय, तोयोता नगराचे कलासंग्रहालय अशी एकामागून एक कामे आली. सर्वांत एक लक्षण समान: पातळ छप्पर, पाण्याचा निश्चल विस्तार, आणि दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे सांधा दिसू नये इतकी कसोशी. कुतानीच्या आजोबांची बोटे इथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

त्यांच्या कामांतले मला सर्वांत विलक्षण वाटते ते मात्र संग्रहालय नाही. 2004 मध्ये हिरोशिमात पुरा झालेला तो कचरा जाळण्याचा कारखाना आहे. तांगेंनी शांतिउद्यानाची आखणी केली तेव्हा अणुबाँबने भग्न झालेला घुमट आणि स्मारके एका अक्षावर बांधली होती. तो अक्ष दक्षिणेकडे वाढवला तर रस्ता सरळ समुद्राला भिडतो, आणि नेमका तिथेच नगरपालिकेचा हा कारखाना व्हायचा होता. योशिओंनी कारखान्याच्या पोटातून काचेचा एक रुंद बोळ आरपार नेला, म्हणजे रस्त्याने येणारा नागरिक दोन्ही बाजूंना चकाकणारी अजस्र यंत्रे पाहत पाहत पाण्यापाशी पोचतो आणि गुरूने आखलेली रेषा कुठे तुटत नाही. गुरुदक्षिणा इतक्या कचकड्याच्या विषयात इतक्या सभ्यपणे क्वचितच दिली गेली असेल.

जगात त्यांचे नाव झाले ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयामुळे. 1997 मध्ये त्या संस्थेने दहा वास्तुकारांना विस्ताराचे आराखडे मागितले, आणि जपानबाहेर एकही इमारत न बांधलेले, स्पर्धांच्या वाटेला न जाणारे योशिओ निवडले गेले. पुरेसा पैसा द्या, वास्तू अदृश्य करून दाखवतो, असे ते विश्वस्तांना म्हणाल्याची आख्यायिका सांगितली जाते. नोव्हेंबर 2004 मध्ये उघडलेल्या त्या इमारतीची पुष्कळ वाखाणणी झाली, पुष्कळ टीकाही झाली. मला विचाराल तर, त्यांची खरी कसोटी पाहायची असेल त्याने मॅनहॅटनला न जाता उएनोला जावे. नारा प्रांतातील होर्युजी मठाने दारिद्र्यामुळे 1878 मध्ये आपल्या तीनशेहून अधिक पुरातन वस्तू राजघराण्याला अर्पण करून दहा हजार येन घेतले होते; त्या वस्तूंसाठी 1999 मध्ये योशिओंनी बांधलेले भवन वडिलांच्या आशियाई भवनाच्याच आवारात आहे. उथळ पाण्यावरून एक वाट जाते, काचेच्या पेटीत दगडाची पेटी, आणि तिच्या काळोखात तळहाताएवढ्या कांस्यमूर्ती एकेकट्या उजेडात उभ्या. वडिलांची इमारत आशियाचा वैभवशाली वारसा मोठ्या आवाजात सांगते; मुलाची इमारत सांगतच नाही, दाखवते. इथे मुलगा वडिलांच्या पुढे गेला आहे, हे कबूल करण्यात योशिरोंचा अनादर नाही.

पण उलट पारड्यातही काही आहे. योशिओंनी पूर्णत्व दिले, तरी मागोमेचे जळके दगड किंवा मेइजीमुराची जिद्द त्यांच्याजवळ नव्हती. आणि वडिलांनी इतरांच्या इमारती वाचवल्या, तरी त्यांच्या स्वतःच्या इमारतींना कोणी मेइजीमुरा मिळाले नाही. केइओतील नोगुचींच्या दालनाची इमारत 2003 मध्ये पाडली गेली आणि दालनाचे काही भाग नव्या इमारतीच्या गच्चीवर नेऊन बसवले. 2015 मध्ये ओकुरा हॉटेलची जुनी वास्तू, जगभरातून निषेध झाला तरी, पाडली. 1962 चे ते दालन म्हणजे षट्कोनी मण्यांच्या माळांसारखे टांगलेले दिवे, बारीक लाकडी जाळ्या, आणि गोल मेजाभोवती पाच खुर्च्या अशा मांडलेल्या की वरून पाहिले तर उमे वृक्षाचे पाच पाकळ्यांचे फूल दिसावे. नव्या गगनचुंबी इमारतीत ते पुन्हा घडवण्याची कामगिरी आली योशिओंकडे, आणि ऐंशी ओलांडलेल्या मुलाने वडिलांचे दालन, दिव्यांच्या आणि खुर्च्यांच्या मांडणीसह, 2019 मध्ये पुन्हा उभे केले.

त्याच वर्षी कानाझावाच्या तेरामाची भागात, योशिरो जिथे वाढले त्या घराच्या जागेवर, दोघांच्या नावाचे वास्तुसंग्रहालय सुरू झाले. रेखन अर्थातच योशिओंचे. 1974 मध्ये आकासाका येथील शासकीय अतिथिगृहासाठी योशिरोंनी जे जपानी पद्धतीचे भवन बांधले होते, त्यातले सत्तेचाळीस ताताम्यांचे मुख्य दालन आणि चहागृह इथे मूळ मापाने घडवले आहे; वाचकांपैकी कोणी त्या शहरी गेलेच, तर तिथून जवळच असलेले, झेन विचारवंत द. त. सुझुकी यांच्या स्मरणार्थ योशिओंनी 2011 मध्ये बांधलेले भवनही त्यांनी चुकवू नये.

योशिओ तानिगुची 16 डिसेंबर 2024 रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. वडिलांनी 1966 मध्ये उभारलेले इम्पीरियल थिएटर फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले.